दोन्ही डावे

“बसा. उजवा बूट काढा.”

तो दारात उभा होता, खांद्यावर जड पिशवी. काही बोलणार, तोवर तिने स्टूल पुढे सरकवलंसुद्धा. बुटाच्या दुकानात सकाळी सकाळी आलेला माणूस गिऱ्हाईक नसेल तर कोण असणार? तो निमूट बसला. बूट निघाला आणि फाटक्या मोज्यातून अंगठ्याने डोकं बाहेर काढलं.

“मोजेही शिवता का?” त्याने विचारलं.

“नाही. पण गिऱ्हाइकाला हसायचं नसतं, एवढं कळतं आम्हाला,” ती म्हणाली, आणि खुदकन हसली.

सगळी मापं घेऊन झाली, तेव्हा तो हळूच म्हणाला, “मी… मशीन शिकवायला आलोय. कंपनीकडून.”

“अहो, मग आधी नाही का सांगायचं!”

“तुम्ही बोलू दिलंत कुठे? आणि… छान चाललं होतं की.”

आता ही मुलगी काही लाजरीबुजरी नव्हे. पण त्या दिवशी तिने मापाची फीत उगाच तीनदा गुंडाळली, एवढं खरं.

मशीन तिच्याच हट्टापायी आलं होतं. चामडं ज्यावर ताणून बूट शिवतात तो लाकडी फर्मा बाबा जन्मभर हाताने कोरत आले. आता त्यांची बोटं आखडत चालली होती. कॉम्प्युटरवर पाऊल काढायचं आणि ते मशीनने कोरायचं, हे मात्र त्यांच्या पचनी पडेना. “मास्तर जायच्या आधी एकटीने एक धड जोडी काढून दाखव,” ते म्हणाले. “नाहीतर हे धूड परत. आणि मास्तर, त्या वेळी तुम्ही अवाक्षर काढायचं नाही.”

शिकवणी सुरू झाली.

“झिरो कुठल्या कोपऱ्यात धरलात? कटर तिथूनच निघतो.”

“जिथे नको होता… तिथे.”

तो हसला, पण चिडला कधीच नाही. एकच गोष्ट दहांदा विचारली तरी दहाव्यांदाही पहिल्यासारखीच सांगायचा. “लाकडाला लगेच हात लावायचा नाही. आधी कटर हवेत फिरवून बघायचा,” असं म्हणत तो थांबवायच्या लाल बटणापाशी हात धरून उभा राही. कटर ठोकळ्यावरून अधांतरी फिरे, आणि तिची नजर… ती मात्र त्या हातावर! एवढ्या धीराचा माणूस तिने पाहिला नव्हता. तिला तो आवडला होता, अगदी मनापासून.

परीक्षेच्या दिवशी मशीन झकास चाललं. तिने दोन्ही फर्मे ऐटीत बाबांपुढे ठेवले. बाबांनी ते उलटसुलट फिरवून पाहिले.

“दोन्ही डावे,” ते म्हणाले. “असं गिऱ्हाईक भेटलं तर कळव मला.”

डाव्याचं चित्र उलटवून उजवं करायचं असतं. सॉफ्टवेअरमध्ये एका क्लिकचं काम, आणि तेच ती विसरली होती! तिने हातापाया पडून आणखी एक संधी मागून घेतली. बाबा आत गेले, तशी ती त्याच्याकडे वळली.

“तुम्हाला स्क्रीनवर दिसलं होतं?”

“हो.”

“अट होती म्हणून गप्प बसलात.”

“ते… अर्धं खरं.”

“आणि उरलेलं अर्धं?”

तो टेबलावरचा भुसा उगाच गोळा करू लागला. “वाटलं, चुकलात तर एक दिवस वाढेल. तुमच्यासोबतचा.”

ऐकायला गोड वाटलं तिला. आणि मस्तकात तिडीकही गेली! “माझं सगळं पणाला लागलं होतं हो! उद्या आत पाऊल टाकायचं नाही तुम्ही.”

दुसऱ्या दिवशी तो बाहेर पायरीवर बसून राहिला, बारीक पावसात भिजत. आत तिने चित्र उलटवलं, झिरो धरला, कटर हवेत फिरवला. लाल बटणापाशी आज तिचाच हात होता. मग कटर लाकडात उतरला आणि ताज्या भुशाचा वास खोलीभर पसरला.

उजव्या फर्म्यावरून बाबांचा अंगठा टाचेपासून चवड्यापर्यंत सावकाश फिरला. “इथे मला नेहमी कानस लावावी लागायची,” ते पुटपुटले. मग त्यांनी चष्मा पुसला. “राहू दे तुझं धूड.”

ती धावतच बाहेर आली. तिच्या तोंडावरूनच त्याला कळलं.

“जमणारच होतं तुम्हाला,” तो म्हणाला. “काल मी फार स्वार्थीपणा केला. माफ करा.” त्याने पिशवी उचलली. “काही बिघडलं तर फोन करा. कंपनी मलाच पाठवते.”

“काही बिघडणार नाही. शिकवणारा पक्का होता.”

तो कसनुसा हसला आणि चालू लागला. अंगणाच्या फाटकापर्यंत पोचला. राग कुठे होता आता? ती पायरी उतरून पावसात आली.

“अहो…” तिने हाक मारली. “काही बिघडलं नाही तरी या.”

तो थबकला. वळला. आणि चिखल तुडवत, होता तसा ओलाचिंब तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

“आलो,” तो म्हणाला.