पावणेतीनची नोंद

"मॅडम, ती मुंबई-गोवा क्रूझ कशी आहे? जाण्यासारखी आहे का?" असं मला ऑफिसात निदान सात-आठ जणांनी विचारलं असेल. मी एकदाच गेले आहे, पण आमच्या डहाणूच्या कचेरीत दुसरं कोणी गेलेलं नाही, म्हणून मी जाणकार. मी सांगते, जेवण चांगलं, चहा पांचट, खोली आपल्या मोरीपेक्षा जराशी मोठी. डेकवर उभं राहून सूर्य बुडताना बघायची हौस असेल तर जा. नसेल तर चिखल्याच्या किनाऱ्यावर तोच सूर्य फुकट बुडतो. लोक हसतात आणि चहा प्यायला जातात. माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा त्या बोटीवर एका मोसमात अकरा वेळा गेला, हे मी कोणाला सांगत नाही.

मी सुषमा. तालुक्याच्या कचेरीत अव्वल कारकून. २०१८च्या नोव्हेंबरपासून तलासरी आणि डहाणूच्या आतल्या गावांत जमीन हलायला लागली, हे पेपरात सगळ्यांनी वाचलं असेल. लोक थंडीत पोराबाळांना घेऊन घराबाहेर ताडपत्रीखाली झोपत होते. गावागावांतून फोन यायचे, ते घ्यायचं काम माझ्याकडे होतं. किती वाजता हललं, किती वेळ, भिंतीला तडा गेला का, एवढं विचारून मी वहीत लिहायची आणि नंतर यंत्राने पकडलेल्या वेळांशी ताडून बघायची. माणूस घाबरला की काहीही बोलतो. वेळ मात्र खरी सांगतो, कारण घाबरलेला माणूस आधी घड्याळाकडे बघतो.

त्याच्या महिनाभर आधी, ऑक्टोबरात, माझी बहीण निलम गेली. वय एकेचाळीस. सासर चिखल्याचं. चिकूची मोठी वाडी, समुद्रापासून दोनशे पावलांवर घर. त्या सुमाराला पेपरात क्रूझच्या जाहिराती यायच्या. निलमने एक कापून कपाटाच्या दारावर आतून चिकटवली होती. नवऱ्याला, नविनला, ती दोन-तीनदा म्हणाली. त्याचं उत्तर ठरलेलं, "पाण्यावर जायला पैसे मोजायचे? पाणी आपल्या दारात आहे." एकदा तिने पाहुण्यांसमोर विषय काढला, तेव्हा तो सगळ्यांत बसून हसला होता आणि पाहुणे गेल्यावर आठवडाभर तिच्याशी बोलला नव्हता. तसा तो दिसायला सज्जन माणूस. वर्गणी देतो, मयताला पुढे असतो.

तिच्या शेवटच्या दिवशी त्याच्या चुलतभावाकडे, उंबरगावला, वास्तुशांतीचं संध्याकाळचं जेवण होतं. नविन एकटाच गेला आणि जाताना गेटला बाहेरून कुलूप घालून गेला. चार वाजता शेजारची विनिता पाण्याचा पंप चालू करायला आली, तेव्हा तिला निलम गेटला टेकून बसलेली दिसली. गडी कुंपणावरून चढून आत गेले, पण तोवर काही उरलं नव्हतं. हृदयविकार. डॉक्टर म्हणाले, तीनच्या सुमाराला गेली असावी, अर्ध्या तासात कोणी गाडीत घातलं असतं तर वाचली असती. नविन म्हणाला, "मी एक वाजताच निघालो होतो. चोऱ्या होतात म्हणून कुलूप लावलं." मी विचारलं, आत माणूस असताना कुलूप बाहेरून का? माझ्या मोठ्या काकांनी माझा दंड धरला आणि म्हणाले, आता बोलून काय उपयोग. मी गप्प बसले. पण मी विसरणारी बाई नाही.

दहाव्याला किनाऱ्यावर, सुरूच्या झाडांखाली, पिंड ठेवला. कावळा शिवेना. फांदीवर पाच-सहा बसले होते, खाली बघत होते आणि येत नव्हते. ऊन चढलं. नविन हात जोडून एकेक बोलत गेला. तुझ्या आईकडे लक्ष ठेवीन. तुझी तुळस वाळू देणार नाही. वाडी विकणार नाही. विनिता म्हणाली, कोणाला काही माहीत असेल तर सांगा. मला माहीत होतं. मी तोंड उघडलं नाही. त्याच्या तोंडून यायला हवं होतं. दीड तास झाला, भटजी घड्याळ बघायला लागले, तेव्हा नविन वैतागून म्हणाला, "बोटीवर नेतो. झालं?"

त्याचं 'झालं' पुरतं व्हायच्या आत कावळा उतरला. सगळ्यांनी हुश्श केलं आणि जेवायला गेले.

डिसेंबरात त्याचा ऑफिसात फोन आला. "ताई, नोंद करा. पावणेतीनला आमचं घर हललं." मी वही बघितली. त्या दिवशी धक्का सकाळी होता, तोही तलासरीकडे. चिखल्यातून दुसऱ्या कोणाचा फोन नव्हता. मी तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी परत फोन, परत पावणेतीन. पुढे रोज. आठवड्याने तो स्वतः आला, दाढी वाढलेली.

"लिहा ना, ताई. एक ओळ लिहायला काय जातं?"

"वेळ जुळत नाही, नविनराव. तुमच्या पावणेतीनला जमीन कुठेच हललेली नाही."

"तुमच्या वहीत आलं म्हणजे तो भूकंप," तो म्हणाला. "नाहीतर काय म्हणायचं मी त्याला?"

मला त्याची दया यायला हवी होती. आली नाही. उलट पोटात गार वाटलं.

त्याच्याकडे धुण्याभांड्याला नवशी होती, सायवनची. तिने काम सोडलं, म्हणून मी तिला बाजारात गाठून विचारलं. तिच्या पाड्यावर खरे भूकंप रोज होत होते, त्यामुळे ती उगाच घाबरणारी नव्हती.

"आमचेकडे हालतं ते येगळं, बाय," ती म्हणाली. "धडाम करून येतं न जातं. ह्ये तसं नाय. ह्ये घर डुलतं. सकाळचं काम करीन मी, पण दुपारची थांबाची नाय तिथं."

"कशामुळे डुलतं?"

तिने भाजीची पिशवी उचलली. "मालकाला इचारा," ती म्हणाली.

जानेवारीत एका शनिवारी मी चिखल्याला गेले. अडीच वाजता पोचले. नविनने पाणी दिलं, मी पाणी तिपाईवर ठेवलं आणि हातातलं घड्याळ बघत बसले. बाहेर वाडीत चिकू उतरवण्याचं काम चाललं होतं, बायकांचं बोलणं ऐकू येत होतं. पावणेतीन वाजले.

आधी भिंतीवरचं कॅलेंडर भिंतीपासून सुटलं. बोटभर पुढे आलं, थांबलं, परत टेकलं. मग स्वयंपाकघराचं दार आपोआप उघडलं आणि हळूच मिटलं. पेल्यातलं पाणी समुद्राच्या बाजूच्या काठाला चढलं, तिथेच क्षणभर राहिलं आणि दुसऱ्या काठाकडे गेलं. आवाज कसलाच नव्हता. खुर्ची मला उचलत होती आणि खाली ठेवत होती, सावकाश, घाई नसलेल्या माणसासारखी.

मी उठून दारात गेले. एक पाय उंबऱ्याच्या आत ठेवला, एक बाहेर ओटीच्या पायरीवर. बाहेरचा पाय जमिनीवर घट्ट होता. आतला वर-खाली होत होता.

सव्वातीनला थांबलं. नविन सोफ्याचा हात धरून बसला होता.

"कळलं ना आता?" तो म्हणाला. "सांगा. कळलं ना?"

"काय कळायचंय?" मी म्हणाले. "मला काहीच जाणवलं नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी तशीच बघत राहिले. एवढं सुख मला निलम गेल्यापासून कशात मिळालं नव्हतं. मी खोटं बोलले, आणि तेच खोटं मी उद्याही बोलेन.

मग त्याने हळूच विचारलं, "ताई, क्रूझला जाऊन येऊ का? फरक पडेल?"

"पाण्यावर जायला पैसे मोजायचे?" मी म्हणाले. "पाणी तुमच्या दारात आहे."

फेब्रुवारीत आम्ही गेलो. मी माझ्या खर्चाने, वेगळ्या खोलीत. मी गेले ती त्याचे हाल बघायला. त्याने दोघांची खोली घेतली होती, खिडकीची. संध्याकाळी मुंबई सोडली. डेकवर गाणी लागली होती, पोरं पोहायच्या तलावात उड्या मारत होती, समुद्र शांत होता तरी पायाखाली बारीक डोलणं होतंच. मला मळमळायला लागलं. नविन कठड्याशी उभा होता, दोन्ही पायांवर सरळ, कशालाही न धरता.

"थांबलं, ताई," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "इथे हलत नाही. दोन महिन्यांनी पायाखाली टणक लागतंय."

तो आठलाच झोपला. सकाळी मी चहाला गेले तेव्हा तो पोटभर नाश्ता करत होता, रंग परतला होता. मला संताप आला. एका तिकिटात सुटला हा. दहाव्याला जसा बोलून मोकळा झाला तसाच आता जाऊन मोकळा झाला. खोली साफ करणारा मुलगा वाटेत भेटला, नेपाळकडचा असावा. मी त्याला सहज विचारलं, त्या खोलीतले साहेब नीट झोपले का. "हां मॅडम," तो म्हणाला. "दोनो बेड अभी बनाके आया."

गोव्याला बोट लागली. शिडी उतरून नविनने धक्क्यावर पाय ठेवला आणि तो गुडघ्यांवर आला. लोकांना वाटलं घसरला. त्याने लोखंडी खुंटा दोन्ही हातांनी कवटाळला आणि माझ्याकडे मान वर करून बघितलं.

"जमीन हलतेय," तो म्हणाला.

त्याच संध्याकाळी तो त्याच बोटीने परत निघाला. मुंबईला उतरला, तिथेही तेच. आता पावणेतीनची वाट बघायची गरज नव्हती. घर, वाडी, रस्ता, बाजार, जिथे जमीन तिथे डोलणं, दिवसभर. थांबायचं ते फक्त बोटीवर. तो जात राहिला. मार्चमध्ये तीनदा, एप्रिलमध्ये चारदा. वाडीकडे बघायला कोणी नव्हतं. चिकू झाडाखाली पडून आंबले, त्याचा वास विनिताच्या ओटीपर्यंत यायचा. ती मला म्हणाली, भावजींचं डोकं फिरलंय, बायकोचं दुःख खातंय त्यांना. मी म्हणाले, असेल.

मेच्या शेवटच्या रविवारी तो माझ्या घरी आला, स्टेशनजवळ. दुपारची वेळ होती. पाय फाकवून, भिंतीला हात लावत चालत होता. अंगावर मांस उरलं नव्हतं.

"पावसाळ्यात बोट बंद," तो म्हणाला. "ऑक्टोबरपर्यंत."

"माहीत आहे."

तो खाली फरशीवरच बसला. बराच वेळ फरशी दोन्ही तळव्यांनी दाबून धरली होती. मी पंखा लावला.

"मी एक वाजता नव्हतो निघालो," तो म्हणाला.

मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले.

"पावणेतीनला निघालो. ती साडी नेसून तयार होती. लोकांत पुन्हा बोटीचा हट्ट करील म्हणून म्हटलं, तू घरी राहा. कुलूप लावलं. ती गेटपाशी आली. छातीला हात लावून खाली बसली. मला गाडीच्या आरशात दिसलं, ताई. मला वाटलं, नाटक करतेय."

"काही म्हणाली?"

त्याने तळवे फरशीवर आणखी दाबले.

"म्हणाली, थांबा, मी पण येते."

आठ महिने मी याच वाक्याची वाट बघत होते, आणि मला वाटलं होतं, ते ऐकल्यावर माझा राग उतरेल. उतरला नाही. अर्ध्या तासात गाडीत घातलं असतं तर, असं डॉक्टर म्हणाले होते. गाडी समोर उभी होती. चालू होती.

"मी सांगितलं आता," तो म्हणाला. "सगळं सांगितलं. तरी हलतंय. चार महिने मी काय करू, ताई?"

"थांबायचं," मी म्हणाले.

मी त्याला रिक्षापर्यंत सोडायला गेले, कारण तो एकटा चालू शकला नसता. स्टेशनवरून चिखल्याला शेअर रिक्षा जातात. मागच्या सीटवर तीन माणसं भरल्याशिवाय त्या सुटत नाहीत, ऊन असो की काही असो. रिकामी रिक्षा उभी होती. नविन आत शिरला आणि एका टोकाला, अंग चोरून, बाहेरची दांडी धरून बसला. रिक्षावाला पानाच्या टपरीवरून आला. त्याने वाकून मागे बघितलं, रुमालाने मान पुसली आणि माझ्याकडे वळला.

"येताय का, बाई? एकच सीट राहिलीय. तुम्ही बसलात की निघतो."

नविनने माझ्याकडे पाहिलं. सहा महिने त्याने मला एकच गोष्ट विचारली होती, हे खरंच आहे ना, आणि सहा महिने मी नाही म्हणत आले होते.

"मी नाही येत," मी रिक्षावाल्याला म्हणाले. "त्या दोघांना घरापर्यंत नीट सोडा."

"सोडतो की," तो म्हणाला आणि गिऱ्हाइकाला हाक मारायला पुढे गेला.