काचेच्या टाकीतला ढग

"मासं कंचं देऊ?" ज्योतिबाअण्णांनी विचारलं.

"मासे नकोत, अण्णा. ढग ठेवायचेत."

शरयू वळली. कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेसाठी हवेचा पंप न्यायला ती साताऱ्यातल्या अण्णांच्या या शोभेच्या माशांच्या दुकानात आली होती. शेजारी एक उंच मुलगा सगळ्यात मोठ्या काचेच्या टाकीवर टिचक्या मारत उभा होता.

"ढग? आन् खायला काय घालतूस त्येला?"

"मीठ."

शरयूला हसू आलं, आणि लगेच डोक्यात उजेडही पडला. "खाली खारं पाणी, वर गोडं," ती म्हणाली. "आणि मधल्या थरात पांढरा रंग सोडणार... बरोबर?"

तो टिचक्या मारायचा थांबला.

त्याचं नाव ऋषिराज, गाव पलूस. घरी ऊस, वडील फौजेतून निवृत्त. संगणक येण्याआधी सिनेमातली वादळं अशा टाक्यांत तयार व्हायची, हे त्याने कुठेतरी वाचलं आणि त्याला वेडच लागलं. टाकीतला ढग कॅमेऱ्याने टिपायचा आणि अंधाऱ्या दालनात भिंतभर सोडायचा, ही त्याची कला.

"पप्पा म्हणतात, ढग इकून पोट भरतंय व्हय?"

"मग तुम्ही काय सांगता?"

"उसालाबी ढगच लागतोय की."

मग कॉलेज सुटलं की शरयूची पावलं त्याच्या भाड्याच्या खोलीकडे वळू लागली. मिठाचं प्रमाण तिचं, पिचकारी त्याची. आधी खारं पाणी, त्यावर प्लास्टिकचा कागद पसरून अलगद गोडं. रंग सोडताना खोलीत पाऊलही हलवायचं नाही. दोघं कोपराला कोपर लावून श्वास रोखायची, आणि काचेमागे ढग फुलत जायचा... महाबळेश्वरच्या कड्यावर चढतो तसा, सावकाश.

"ना वर जाता येतंय, ना खाली," तो एकदा कुजबुजला. "बिचारा."

"बिचारा कसला? समतोलात आहे."

"तुमचा कधी ढळतो का... समतोल?"

तिने नुकताच वाचलेला तापमापक पुन्हा वाचला.

हैदराबादच्या स्टुडिओचं बोलावणं आलं ते त्यानेच सांगितलं, टाकी पुसता पुसता. दोन वर्षांचं काम. सांगलीच्या प्रदर्शनासाठी शेवटचा ढग सकाळी टिपायचा, आणि संध्याकाळची गाडी.

"छान," शरयू म्हणाली. आणि शेवटच्या ढगाचं मीठ मोजायला बसली.

त्या सकाळी तो कॅमेरा लावत होता. तिने बादल्या उचलल्या. एक ओतली, दुसरी ओतली. त्याने पिचकारी दाबली, आणि रंग फुलण्याऐवजी घरंगळत तळाशी गेला. बघता बघता सगळी टाकी ताकासारखी पांढुरकी.

"आता?" त्याने विचारलं.

"टाकी रिकामी करून पुन्हा भरायची. पाण्यातले बुडबुडे निघून जायला... उद्या दुपार."

"म्हणजे गाडी गेली."

"हो."

तो टाकीजवळ आला. "भौतिकशास्त्रात पहिला वर्ग. आणि गोडं आधी, खारं वरून?"

"चुकतं माणूस."

"तुम्ही?"

तिने ओल्या हातांकडे पाहिलं. सांगायचं असेल तर आत्ताच — नाहीतर दोन वर्षं हाच क्षण आठवत बसायचं.

"चुकले नाही," ती म्हणाली. "मला आणखी एक दिवस हवा होता. ढगासाठी नाही... तुमच्यासाठी."

त्याने पिचकारी खाली ठेवली.

"कॅमेऱ्यातून मला दिसत होतं," तो म्हणाला. "गोड्या पाण्याची बादली आधी उचललीत तेव्हाच."

"मग थांबवलं का नाही?"

"वाटलं, आत्ता हाक मारली तर ही थांबेल. म्हणून नाही मारली."

शरयूने मान वर केली. तो हसत नव्हता.

"उद्याच्या गाडीनं मात्र जावंच लागंल," तो म्हणाला. बोलणं नकळत पलूसचं झालं होतं. "दिवाळीला घरी येतोय मी. तू येशील? आई-पप्पांना भेटायला?"

ते 'तू' तिने नीट ऐकलं. मग तिने होकारार्थी मान डोलावली, अगदी हळू, जणू अजूनही खोलीत काही हलवायचं नव्हतं.

दोघांनी मिळून टाकीला नळी लावली. पांढरं पाणी बारीक धारेने मोरीत जाऊ लागलं. मोठी नळी कोपऱ्यात होती, पण ती आणायला कुणीच उठलं नाही.