दोन बाइटांची मोकळी जागा

नऊ खाटांचा तो अतिदक्षता विभाग तिसऱ्या मजल्यावर होता. प्रत्येक खाटेजवळच्या मॉनिटरवरून रुग्णाची नाडी सिस्टरांच्या टेबलावरच्या संगणकात येई. गेल्या आठवड्यात धोक्याची घंटा चार सेकंद उशिरा वाजली आणि एक माणूस गेला. चार सेकंदांनी फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणत. पण म्हणताना कुणाच्या नजरेला नजर देत नसत. म्हणून त्या संगणकाच्या नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, जिने लिहिला होता, तिलाच तिच्या कंपनीच्या साहेबांनी पाठवलं. तिथे सगळे तिला इंजिनियरबाई म्हणू लागले.

दुखणं तासाभरात सापडलं. नाडीची माहिती छोट्या पाकिटांतून येते, आणि आलेलं प्रत्येक पाकीट कार्ड मेमरीत ठेवतं. पाकिटाच्या तोंडाशी चौदा बाइटांचा पत्ता, आणि प्रोसेसरला चाराच्या पटीत वाचायची सवय. म्हणून सहा वर्षांपूर्वी तिने सुरुवातीला दोन बाइट, म्हणजे दोन आकडे मावतील एवढी जागा, मोकळी सोडली होती. चौदा नि दोन सोळा, म्हणून पुढचा मजकूर नीट चौकटीत बसे. प्रोसेसरची सोय झाली, पण या नव्या कार्डाला अशी आडनिडी जागा सोसेना. एकेका पाकिटाला ते दोन खेपा घाली. मोकळी जागा काढली की काम भागणार होतं.

काढण्याआधी तिने आत डोकावलं. आरशात पाहिलं तरी ही दोनदा खात्री करते, अशी तिची ऑफिसात थट्टा होई. त्या दोन बाइटांत ना कार्ड लिहीत होतं, ना ड्रायव्हर. तरी तिथे दोन आकडे होते. दहा आणि चौसष्ट.

जुना कचरा असेल, म्हणून तिने जागा पुसली. दहा, सहासष्ट. कार्ड बदललं, मेमरी बदलली. स्वतःच्या लॅपटॉपवरून एक कोरं पाकीट पाठवलं. दहा, पासष्ट. तिने ते कागदावर मांडत नेलं.

मोठ्या सिस्टर औषधांचा ट्रे घेऊन मागून जाताना थांबल्या. कागदावर सवयीने नजर टाकून म्हणाल्या, "दहा नंबरची नाडी बरी आहे की."

"तुमच्याकडे खाटा नऊच ना?"

"नऊच," सिस्टर म्हणाल्या. नवव्या खाटेपलीकडे भिंत होती, पिवळट, ओल आलेली. दोघींनी एकदमच तिकडे पाहिलं.

तिने बदल लिहायला घेतला. पहिल्या ओळीला दुसरा आकडा नव्वदवर गेला. तिने हात काढून घेतले. हळूहळू तो सत्तरवर उतरला. पुन्हा बोटं ठेवली. शंभर.

साहेबांना फोन करावा असं तिच्या मनात आलं. पण सांगणार काय? मोकळ्या जागेला भीती वाटते म्हणून?

तेवढ्यात पाच नंबरच्या बाईंचा श्वास अडकला. सिस्टर धावल्या, त्या घंटा ऐकून नव्हे. त्यांची नजर योगायोगाने तिकडे होती. त्या खाटेपाशी पोचल्यावर टेबलावर घंटा वाजली. बाई वाचल्या, जेमतेम. सिस्टर परत आल्या आणि तिच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या.

ती लिहू लागली.

एकशे वीस.

एकशे अडतीस.

तिने पडद्यावरचा त्या आकड्याचा कोपरा हाताने झाकला. मग राहवेना, म्हणून बोटं फाकवून पाहिलं. एकशे एक्कावन्न.

तिने बटण दाबलं.

पाकिटं आता थेट पहिल्या घरापासून बसू लागली. चाचणीची घंटा क्षणात वाजली. आकडे पाहायला जागाच उरली नव्हती. साहेबांनी फोनवर शाबासकी दिली. ती नुसतं हूं म्हणत राहिली.

दुपारी तीनच्या सुमारास ती बॅग घेऊन बाहेर पडली. दाराबाहेरच्या बाकावर एक वयस्कर बाई चादरीची घडी घालत होत्या. पाण्याची बाटली, पुरुषाचा धुतलेला सदरा, सगळं पिशवीत भरून झालं होतं.

"तुम्ही आतच होतात ना?" त्यांनी विचारलं. "आमच्या ह्यांना शेवटी त्रास झाला का हो? दहा नंबरला होते."

तिने बॅगेचा पट्टा दुसऱ्या खांद्यावर घेतला.

"नाही," ती म्हणाली. "झोपेतच."

बाईंनी समजल्यासारखी मान हलवली.

"मग मला ऐकू आल्या त्या हाका दुसऱ्याच कुणाच्या असतील," त्या म्हणाल्या, आणि वाकून बाकाखाली चपला शोधू लागल्या.