आजोबांच्या लॉन्ड्रीतल्या चादरी

ज्याला थापा वाटतील त्याला खुशाल वाटोत. पण हे माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडलंय. भर दुपारी, आजोबांच्या लॉन्ड्रीत.

मामा तेव्हा बारा वर्षांचा. साप पकडायचं भलतंच वेड. नाल्यातली बिनविषारी दिवड धरायची आणि गिऱ्हाइकाच्या उशीच्या अभ्र्यात गाठ मारून ठेवायची. अंगाला कायम कुजका, तेलकट वास. आजी त्याला गारुडी म्हणायची आणि त्याचं ताट लांब मांडायची.

सुट्टीतल्या एका मंगळवारी त्याने असाच बांधलेला अभ्रा मळक्या कपड्यांवर ठेवला आणि खेळायला पळाला.

परत आला तेव्हा...

अभ्रा भट्टीवरच्या हंड्यात, इतर कपड्यांबरोबर उकळत होता.

आजोबा बाहेर गेले होते. मामाने काठीने अभ्रा बाहेर काढला. आतलं मांस सुटून आलं होतं. पाण्यावर पिवळी चरबी तरंगत होती. ती त्याने मग्याने उपसली, आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही. त्याच पाण्यात दवाखान्याच्या चादरी होत्या. त्या कामावरच घर चालायचं.

दुसऱ्या दुपारी मामाने इस्त्रीसाठी चादर उलगडली आणि घडीत...

सापाची कात. वीतभर. ओली.

मग दोन. मग प्रत्येक चादरीत एक.

साप कुठेच नव्हता.

मामा आजोबांच्या आधी येऊन एकेक कात नखांनी सोलायचा.

शुक्रवारी दवाखान्याचा माणूस चादरी न्यायला आला. वरच्याच चादरीतून टोक लोंबत होतं. मामाने झडप घातली.

आजोबांनी विचारलं, "मुठीत काय लपवतोस रे?"

मामाने ती कात तोंडात कोंबली. गिळली.

ती टाळूला चिकटली. कोमट होती. आणि पोटात गेल्यावर...

वळली.

त्या दिवसापासून चादरी स्वच्छ. कामही टिकलं.

गेल्या रविवारी मी मामाकडे असताना बाथरूमची मोरी तुंबली. प्लंबरने तारेने काहीतरी ओढून काढलं. पातळ, पांढुरकं, बुळबुळीत. पाच बोटांचं.

"हातमोजे मोरीत टाकल्यावर तुंबणारच ना, साहेब," प्लंबर म्हणाला.

मामी भिंतीकडे बघत राहिली.

त्या हातमोज्याला नखं होती.

मामा हसत म्हणाला, चुकलंच आमचं. आणि ते घ्यायला त्याने हात पुढे केला.

तळहातावर एकही रेष नव्हती.

मी निघताना त्याने नेहमीसारखा माझ्या डोक्यावरून हात फिरवला. घरी येऊन मी तीनदा केस धुतले.

आईने कारण विचारलं. काय सांगणार? भाऊ आहे तिचा.