भिंतीवरची चौथी पट्टी

"तुटलीय का?" सोलेननं खालून विचारलं.

बास्तियांच्या खांद्यावर उभा राहून फर्मँ चर्चच्या भिंतीला नाक लावून बघत होता. "केसभरही नाही. पण लवकर उतरतो. याचे खांदे लोण्याचे आहेत."

"आणि तुझे पाय शेणाचे," बास्तियां खालून कण्हला.

व्होलाँकूरमध्ये माणसं एकशे बारा आणि मुलं ही तीनच. ईस्टरच्या आधी तीन दिवस घंटा मुक्या असतात. रोमला गेल्या, असं लहानांना सांगतात. मग वेळ सांगायची मुलांनी, करकर वाजणारे लाकडी खुळखुळे फिरवत गल्लोगल्ली. बदल्यात अंडी. लहान मुलंच उरली नसल्यामुळे रोमची गोष्ट यंदा कुणाला सांगावी लागली नव्हती.

भिंतीला तडा गेला म्हणून चर्चला सहा महिने कुलूप होतं. तडा वाढतोय का ते कळावं म्हणून त्यावर आडवी प्लॅस्टरची पट्टी लावत. भिंत सरकली की ती तुटणार. तीन लावल्या, तिन्ही तुटल्या. चर्च पाडण्याचा ठराव मंगळवारी मंजूर व्हायचा होता. मागच्या वर्षी सोलेनच्या बाबांना याच दारातून शेवटचं नेलं होतं. दारच गेलं तर आपण कुठे बघायचं, ते तिला कळत नव्हतं.

चौथी पट्टी गुरुवारी संध्याकाळी लागली, शेवटच्या घंटेनंतर. शनिवार संपला तरी ती शाबूत होती.

"तीन दिवसांत काय बंद होतं?" सोलेन म्हणाली.

"घंटा," फर्मँ म्हणाला.

"आणि घंटा वाजवणारा."

घंटेच्या मनोऱ्याचा जिना कुजला होता. म्हणून राऊलबाबा रोज भिंतीला शिडी लावून झरोक्यातून आत शिरत. वीस वर्षं शिडीची जागा तीच. आता तिथे पट्टी आली, तर त्याला राऊलबाबांनी काय करावं?

रविवारी सकाळी सोलेननं अंड्यांची टोपली द्यायची म्हणून मेयरबाईंना भिंतीखाली बोलावलं. मेयरबाई छान हसून उभ्या राहिल्या. राऊलबाबा आले, त्यांनी शिडी टेकवली, आणि कट्. पांढरा तुकडा अंड्यांत पडला.

मेयरबाईंचं हसू हळूहळू उतरलं. राऊलबाबा म्हणाले, मला कुणी विचारलंच नाही. तेही खरंच होतं.

दुपारपर्यंत गाव गोळा झालं. ठराव मागे घेतला, कुलूप काढलं. पोरांनी मोठ्यांना शहाणं केलं, असं प्रत्येकानं दोनदा म्हटलं. फर्मँची पाठ थोपटून थोपटून लाल झाली. आत जाऊन सगळ्यांनी ओल पाहिली, उंदरांनी कुरतडलेल्या गाद्या पाहिल्या, आणि जेवायच्या वेळेची आठवण काढली.

"मादाम, प्रार्थना कधी होणार?" सोलेननं विचारलं.

पाद्रीबाबांकडे तेवीस गावं होती. मेयरबाई म्हणाल्या, ऑगस्टमध्ये, जमलं तर. मग त्यांनी वीतभर लांबीची किल्ली वर धरली. "रोज उघडून वारा द्यायला हवा. कोण ठेवतं?"

एकाचे गुडघे दुखत होते. एकाची गाय व्यायची होती. राऊलबाबांना घंटाच पुरे होती. बाकीचे बुटांकडे बघत होते.

"सोलेन हुशार आहे," कुणीतरी मागून म्हणालं. सगळ्यांनी माना डोलावल्या, किल्ली तिच्या हातात आली, आणि पाच मिनिटांत चौक रिकामा झाला.