ओडेटच्या टोपीवरचे दोन माइक

सांगून ठेवतो, यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. पण व्हरमाँटच्या माळावर बँड वाजत असताना ओडेट थिबो दोन-दोन तास मान हलवत नसे. एकदा तर तिच्या खांद्यावर चिमणीने घरटं बांधायला घेतलं. कार्यक्रम संपला म्हणून अर्धंच राहिलं, इतकंच!

शेंगदाण्याएवढे दोन माइक ती टोपीच्या काठाला, बरोबर कानांच्या वर, दोऱ्याने टाचायची. बँडची परवानगी होती. दर उन्हाळ्यात वीसेक टेपवाले जमायचे, टेपा एकमेकांना फुकट वाटायचे. यंदा मात्र त्यांतल्या एकाच टेपेची रेकॉर्ड बँड काढणार होता. ती आपलीच, याबद्दल ओडेटला तिळभर शंका नव्हती.

भर दुपारी वारा सुटला. मंचावरून फर्मान आलं— उंच स्टँड उतरवा, कुणाच्या तरी डोक्यात पडतील! तिच्या उजव्या हाताला एक लांबोडका तरुण बारा फुटी स्टँडला मिठी मारून उभा होता.

"नाच झाला असेल तर सरक जरा," ओडेट म्हणाली.

"आता माइक लावू कुठे? तुझ्या डोक्यावर?"

"माझं भरलंय. तुझं रिकामं दिसतंय."

तो मनापासून हसला. वेंडल त्याचं नाव. खिशातून त्याने छोट्या माइकांच्या दोन जोड्या काढल्या. "समोरचंच ऐकणारे लावू, की चहूकडचं?"

"चहूकडचं. मधे डोकं आलं की डावं-उजवं आपसूक वेगळं होतं. डोकं भरीव हवं मात्र."

तिने त्याच्या टोपीला माइक टाचले. बोट कानाला लागलं… कान तापलेला होता. तिचंही बोट उगाच जरा रेंगाळलं.

"आता हलायचं नाही, बोलायचं नाही, टाळ्या नाहीत."

"शिंक आली तर?"

"गिळायची!"

बँड सुरू झाला. आणि ओडेट थिबोची मान… वळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने गाडीत टेप लावली. मधोमध असलेलं व्हायोलिन हळूच डाव्या कानाकडे सरकलं, परत आलं, पुन्हा सरकलं. अकरा वेळा! रेकॉर्ड हातची गेली, तिला वाटलं. पण ती ताठ चालत वेंडलच्या तंबूपाशी गेली.

"माझी टेप वाकडी झालीय. तुझ्याकडे बघत होते."

"म्हणजे…"

"म्हणजे तेच. आणि मला त्याची लाज वाटत नाही."

वेंडलने आपली टेप लावली. मंडळी, काय सांगू! तिच्यातही व्हायोलिन सरकलं— अकरा वेळा, पण उजवीकडे! तोही त्याच क्षणी तिच्याकडे वळला होता. दोन्ही टेपा एकत्र लावल्या, तर व्हायोलिन मधोमध, खांबासारखं ताठ! बँडने तीच जोडी—

"खोटं! धादांत खोटं!" गोष्ट सांगणाऱ्याच्या पाठीमागून खुद्द ओडेट ओरडली. "वेंडल, अरे तुझी टेप कोरी होती! तुझ्या टेप-यंत्राचा लाल दिवा दोन तास नुसता लुकलुकत होता, म्हणजे रेकॉर्डिंग सुरूच नव्हतं. माझ्याकडे बघण्याच्या नादात तू बटणच दाबलं नव्हतंस. आणि बँडने निवडली ती माझी, एकटीची, वाकड्या मानेसकट!"

"मग दिव्याचं तेव्हाच सांगायचंस की!" गोष्ट सांगणारा वेंडल म्हणाला.

"बोलले असते तर माझ्या टेपेवर आलं असतं. म्हणून तर वळले, तुला खुणवायला."

"अकराही वेळा?"

"पहिल्यांदा," ओडेट म्हणाली. "उरलेल्या दहा वेळा दिवा कोण बघत होतं…"