अर्धं पातळ, तेवीस गाणी

प्रताप नगरात लाइट गेली की चंपतराव गच्चीवर पोरांना बसवतात आणि शालिकरामची गोष्ट सांगतात. त्याच्या बँडमध्ये ते ड्रम वाजवायचे. म्हातारे बाकी सगळं खोटं बोलतात. पण ही गोष्ट सांगताना चंपतराव विडी पेटवायची विसरतात. म्हणून ऐकायची.

१९७४, सहा डिसेंबर. गोळीबार चौकामागच्या घरात शालिकरामचा विणकर बाप मारोतराव हातमागावरच मेला. पातळ अर्धं विणलेलं, उरलेल्या उभ्या सुताचा ताणा तसाच ताणलेला. तिसऱ्या दिवशी आई, पंचफुलाबाई, म्हणाली, "उमरेडच्या मामाले घेऊन ये गा. मेल्या माणसाचा ताणा मागावर ठेवत नसते. तेरवीच्या आधी त्याच्याकडून विणून उतरवा, नाही तर कापा."

शालिकराम निघाला उमरेडला, पोचला धरमपेठेतल्या वाद्यांच्या दुकानात. गिटारच्या तारा घेऊन परतला. बापानं हयातभर त्याला त्या मागाला जुंपायला पाहिलं, त्यानं कॉलेज सोडून गिटार धरली तेव्हा तोंडावर थुंकला. त्या बापासाठी उमरेडला कोण जातो?

मागाच्या खोलीत आता कोणी बसत नव्हतं. त्याच रात्री बँडच्या चौघांनी तिथं सामान मांडलं. शालिकराम मागाच्या खड्ड्यात, विणताना दाबायच्या फळ्यांवर पाय सोडून बसला, आणि गाणं आलं. दोन वर्षांत या बँडनं स्वतःचं एक गाणं केलं नव्हतं; गणपतीत सिनेमाच्या चाली बडवायचे. आता एका रात्रीत दोन, कधी तीन. नऊ रात्रींत तेवीस. झोप उडाली, जेवण सुटलं, बोटं फुटली. अठरा तारखेला मुंबईहून रेकॉर्डवाला ऐकायला येणार होता.

सतराला सकाळी आईनं विचारलं, "रात्री कोण विणून राहिलं गा?"

"कोणी नाही."

"मंग कापड काहून वाढलं?"

शालिकरामनं उलगडून मोजलं. गाण्यामागे एक वीत. विणायचा ताणा उरला होता वीतभर. एका गाण्यापुरता.

"मेल्यावरही बुढा कामाले लावून राहिला," तो चंपतला म्हणाला. "पातळ संपलं का गाणी संपली. आज वाजवायचं नाही."

"कापून टाक न बे."

"अन् त्यात विणलेली गाणी?"



त्या रात्री, मंगळवारी, शालिकरामनं गिटारच्या सहाही तारा काढल्या, गुंडाळून शर्टाच्या खिशात घातल्या, बटण लावलं. खोलीला बाहेरून कुलूप. किल्ली मुठीत. दाराशी तो, शेजारी चंपत.

बारा वाजले. काही नाही.

दीड.

मग आत... खट्.

थांबून... खट्.

शालिकरामचे पाय हलायला लागले. डावा. उजवा. डावा.

"पाय थांबव."

"मी नाही हलवून राहिलो..."

चंपतनं दोन्ही गुडघे धरले. थांबेनात.

आत कोणी खोकलं. मारोतराव खोकायचा, तसं.

मग...

उजाडल्यावर कुलूप उघडलं. मागावर पातळ पूर्ण. रेकॉर्डवाला आला, चहा प्याला, गेला. तेवीस गाण्यांतली एक ओळ चौघांपैकी कोणाला आठवली नाही. शालिकरामनं पुढं कधी गाणं केलं नाही.

त्या सकाळी त्याच्या खिशाचं बटण लागलेलंच होतं. खिसा रिकामा.

ते पातळ पंचफुलाबाई कधी नेसली नाही. चंपतरावांनी एकदाच घडी उलगडली. पदराच्या शेवटच्या वितीत सहा तारा, सुतासारख्या आडव्या विणलेल्या. कापड मांडीवर सैल पडलं होतं. त्यांनी एका तारेला बोट लावलं...

वाजली. सुरात.